आपल्या साईडनी ओके

बबनशेठ लॅपटॉपला कान लावत. हे मी अलंकारिक बोलत नाही. तक्रार आली की ते चालू लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलत, त्याचं बूड कानाशी नेत आणि डोळे मिटत. मग एक बोट वर करून सगळ्या ऑफिसला सांगत, "जरा गप ऱ्हावा." आम्ही गप राहायचो. भिंतीपलीकडे मात्र दोनशे टनांचा प्रेस दर चार सेकंदांनी पत्र्यावर आदळत असे, त्याला गप करणारं कोणी नव्हतं. टेबलावरचा चहा थरथरायचा, छताचा पत्रा वाजायचा आणि बबनशेठ त्या गदारोळात लॅपटॉपच्या पोटातला आवाज ऐकत उभे असायचे.

निघोज्याजवळच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या दरवाजांना लागणारे ब्रॅकेट बनत. तिथे बबनशेठ हेच आयटी डिपार्टमेंट होते. डिपार्टमेंटचे प्रमुख नव्हे, अख्खं डिपार्टमेंट, कारण त्यात दुसरं कोणी नव्हतं. मूळचे ते मेंटेनन्समधले इलेक्ट्रिशियन. कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची पिन भिंतीतल्या सॉकेटला बसेना. बबनशेठना बोलावलं. त्यांनी सॉकेट बदललं, पिन बसवली, कॉम्प्युटर सुरू झाला आणि तेव्हाच्या मॅनेजरने खूश होऊन पाठ थोपटली. त्यानंतर कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की "बबनला बोलवा" असं सुरू झालं, आणि वीस वर्षांत त्यातूनच त्यांना टेबल, फिरती खुर्ची आणि हुद्दा मिळाला. 'आय. टी. इनचार्ज' ही अक्षरं त्यांनी चाकणच्या नंबरप्लेटवाल्याकडून लाल रेडियममध्ये कापून आणली होती. लाइट गेली की केबिनच्या दारावर तेवढी चमकायची.

शेठ हे त्यांना लोक म्हणत, कारण त्यांच्या घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. त्या बदल्यात नोकरी आणि पैसे मिळाले. पैसे लग्नकार्यात आणि एका जीपमध्ये संपले. नोकरी आणि शेठ ही पदवी राहिली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. काहीही झालं तरी ते आधी खुर्चीत रेलून म्हणायचे, "आपल्या साईडनी ओके हाय." एकदा आमच्या मेल तीन दिवस जर्मनीच्या ग्राहकाला पोचत नव्हत्या. बबनशेठनी राउटरच्या दिव्यांकडे पाहिलं, सगळे हिरवे होते. म्हणाले, "आपल्या साईडनी ओके हाय. पुढच्याला म्हणावं, तुझं नेट बघ." कॉम्प्युटर अडला तर "एकदा झोपवा, एकदा उठवा." सगळ्या प्लांटचा पासवर्ड एकच होता, 'हरण्या' आणि पुढे एक-दोन-तीन. हरण्या हा त्यांचा शर्यतीत गाड्याला पळणारा बैल. तो मेला तेव्हा आम्हाला वाटलं की आता तरी पासवर्ड बदलेल. बबनशेठ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तेवढंच नाव निघतं त्याचं."

मी क्वालिटीत होते. पिंपरीची, डिप्लोमा झालेली, दोन वर्षांच्या ट्रेनी कराराची आणि स्वतःला फार हुशार समजणारी. कँटीनमध्ये मी बबनशेठची नक्कल करायचे. स्टीलचं ताट कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "ताई, भाताचा आवाज येतोय, पण डाळ बोलत न्हाई." लोक पोट धरून हसत. नवीन कोणी आलं की खास फर्माईश व्हायची. बबनशेठना हे माहीत असावं, पण त्यांनी ते कधी दाखवलं नाही. फक्त एकदा मी माझा मॉनिटर बंद पडल्याची पानभर तक्रार लिहून पाठवली, तेव्हा ते आले, वाकले, टेबलामागे हात घालून काहीतरी दाबलं आणि मॉनिटर लागला. "ताई, डिप्लोमा ऱ्हाऊ द्या," ते जाता जाता म्हणाले, "आधी पिन बसलीय का ते बघत जावा."

खरं सांगायचं तर त्या कानाचं मी एक देणं लागत होते. एका दुपारी ते माझ्या टेबलाजवळून जाताना थबकले, माझ्या लॅपटॉपकडे मान कलती करून उभे राहिले आणि म्हणाले, "ही डिस्क मरायला लागलीय. आज कॉपी काढा." मी हसले. पण ते खुर्ची ओढून शेजारीच बसले, म्हणून काढावी लागली. चौथ्या दिवशी डिस्क खरोखर गेली. वर्षभराचे तपासणी अहवाल त्या कॉपीमुळे वाचले. ही गोष्ट मी कँटीनमध्ये सांगितली ती आंधळ्याचा नेम लागावा तशी. हशा मिळाला.

मग एसएसडीचं प्रकरण आलं. नवे लॅपटॉप घ्यायचे नाहीत, जुन्यांतच एसएसडी बसवायच्या, असं वरून ठरलं. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून ती आवाज करते. एसएसडी म्हणजे च्युइंगमच्या पट्टीएवढा तुकडा, आत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे आवाजही नाही. मी कँटीनमध्ये जाहीर केलं की शेठचा कान आता रिटायर होणार. बबनशेठनी मात्र घाई केली नाही. त्यांनी एक डिस्क नमुना म्हणून आणली, स्वतःच्या लॅपटॉपात बसवली आणि महिनाभर चालवून पाहिली. चालली. मग तशाच आठ मागवायच्या ठरल्या. आमचे आठही लॅपटॉप त्यांच्याच लॅपटॉपच्या मॉडेलचे होते. मागणीचा फॉर्म इंग्रजीत असायचा. तो नेहमीप्रमाणे मी भरला आणि खाली त्यांनी सही केली.

डिस्क सोमवारी सकाळी आल्या. बबनशेठनी कॉन्फरन्स टेबलावर आठ लॅपटॉप ओळीने मांडले, उदबत्ती लावली, आठही पुड्या एकदम फोडल्या आणि दुपारपर्यंत आठही डिस्क बसवल्या. लॅपटॉप सुरू केले. एकातही डिस्क दिसेना. विंडोजमध्ये नाही, आणि सुरू होतानाच एक बटण दाबून जी निळी पाटी उघडते, तिथल्या यादीतही नाही. लॅपटॉपांच्या लेखी आत काही बसवलेलंच नव्हतं.

बबनशेठनी सवयीने एक लॅपटॉप कानाशी नेला, थोडा वेळ ऐकलं आणि खाली ठेवला. म्हणाले, "बोलतच न्हाई." त्या दिवशी त्यांनी आठही डिस्क काढल्या, त्यांच्या पितळी दातांवरून खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, परत बसवल्या. स्क्रू घट्ट केले, मग सैल केले. संध्याकाळी प्लांट हेड साहेब डोकावले. हे साहेब नवीन आले होते, चकाचक बूट घालायचे आणि प्रत्येक गोष्टीला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचे. बबनशेठ त्यांना म्हणाले, "आपल्या साईडनी ओके हाय." साहेबांनी सांगितलं की शुक्रवारच्या मीटिंगपर्यंत लॅपटॉप तयार नसतील तर आयटीचं काम बाहेरच्या एजन्सीला द्यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी दोष व्होल्टेजवर गेला. आठही लॅपटॉप ट्रॉलीवरून पॅनल रूममध्ये नेले, कारण तिथली सप्लाय शुद्ध असते. तिथेही डिस्क दिसल्या नाहीत. मग लॅपटॉपच्या मुळाशी असलेला तो निळ्या पाटीचा प्रोग्राम नवा घालायचं ठरलं. मध्ये वीज गेली तर लॅपटॉपच कायमचा जातो, म्हणून बबनशेठ एकेका लॅपटॉपची वायर मुठीत धरून स्टुलावर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. मी येता-जाता बघत होते. कँटीनमध्ये मी मूठ आवळून बसण्याचा नवा प्रवेश केला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपमधली नमुन्याची डिस्क काढली आणि ती पाळीपाळीने आठही लॅपटॉपांत बसवून पाहिली. ती आठही ठिकाणी दिसली. मी म्हणाले, "आठ पेशंट आणि किडनी एकच." लोक हसले. त्या तीन दिवसांतली सगळ्यात शहाणपणाची तपासणी तीच होती, हे माझ्या डिप्लोम्याला कळलं नाही. लॅपटॉप ठीक होते, त्यांच्यातली जागाही ठीक होती, मग उरल्या फक्त नव्या डिस्क. बबनशेठ खुर्चीत बसून नव्या डिस्ककडे पाहत राहिले.

मला चेव चढला होता. मी म्हणाले, "शेठ, माझी एक मैत्रीण पिंपरी कॅम्पात लॅपटॉप दुरुस्त करते. एक नवी आणि तुमची जुनी, दोन्ही द्या. दाखवून आणते." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग दोन्ही डिस्क रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

प्रज्ञाचं दुकान कपड्यांच्या दुकानांच्या वर, अरुंद जिन्याच्या टोकाला आहे. तिचे आणि माझे वडील एकाच कंपनीत एकाच शिफ्टला होते, आम्ही एकाच चाळीत वाढलो. शिफ्ट संपल्यावर मी थेट तिच्याकडे गेले. "जयभीम. काय जाळून आणलंस?" तिने विचारलं. मी दोन्ही डिस्क तिच्या निळ्या रबरी मॅटवर ठेवल्या आणि बबनशेठची सगळी कथा रंगवून सांगितली, कान लावण्यासकट. ती हसली नाही. म्हणाली, "दातांच्या बाजूच्या खाचा मोज."

मी मोजल्या. जुनीला दोन खाचा होत्या, नवीला एक.

प्रज्ञाने नवी डिस्क एका छोट्या डबीत घालून वायरने आपल्या कॉम्प्युटरला जोडली. ती लगेच दिसली, ठणठणीत होती. प्रज्ञा म्हणाली, "डिस्क चांगली, लॅपटॉप चांगले. पण तुमच्या मॉडेलमधली ती जागा जुन्या जातीचीच डिस्क ओळखते. दिसायला दोन्ही सारख्या, बसतातही दोन्ही, पण त्याला कळते एकाचीच भाषा. तू खोडरबर घास, पूजा घाल, नाहीतर वायर धरून बस, ती दिसणार नाही. मागवली कुठल्या शहाण्याने?"

बबनशेठचं नाव सांगायला मी तोंड उघडलं, आणि मला तो फॉर्म आठवला.

नमुन्याच्या डिस्कवरचा लांबलचक नंबर बबनशेठनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत, एकेक अंक सुटा लिहून मला दिला होता. म्हणाले होते, "ताई, हाच नंबर घाला." मी तो नंबर वेबसाइटवर शोधला. त्याच्या शेजारीच त्याच कंपनीची दुसरी डिस्क होती, नवी, कितीतरी वेगवान, किंमतही जवळपास तीच. मी तिचा नंबर फॉर्मवर लिहिला. त्यांना सांगितलं नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की कंपनीचा फायदाच करतेय. त्याच्या तळाशी जे होतं ते एवढंच, की म्हाताऱ्याला काय कळतंय.

प्रज्ञाला मी म्हणाले, "आहे एकजण कंपनीत."

गुरुवारी सकाळी मी बबनशेठना खाचांचं सांगितलं. जात वेगळी आहे, पुड्या फोडल्यात, आता दुकानदार परत घेणार नाही. फॉर्मचं सांगितलं नाही. ते "व्हय?" म्हणाले आणि रुमाल झटकून खिशात ठेवला. मला हायसं वाटलं. त्यांनाही कळलेलं नाही, असं मी धरून चालले.

शुक्रवारी मीटिंगमध्ये प्लांट हेड साहेबांनी विचारलं की ऑर्डरचा नंबर कोणी ठरवला. मी साहेबांपासून तिसऱ्या खुर्चीवर, समोर फाइल उघडून बसले होते. माझं कन्फर्मेशन, म्हणजे नोकरीत कायम झाल्याचं पत्र, पुढच्या महिन्यात यायचं होतं.

बबनशेठ उभे राहिले. "सही माझी हाय साहेब. पुड्याबी मीच फोडल्या. चुकी माझी हाय."

साहेबांनी मग इंग्रजीत बरंच ऐकवलं. सॉकेट बसवणाऱ्याला आयटी दिली की असंच होणार, असा त्याचा मथितार्थ होता. दोन-तीन जण गालात हसले. ही माणसं माझ्याच नकलांवर हसून तयार झालेली होती. बबनशेठ उभेच होते. आपल्याला इंग्रजी कळत नाही असं दाखवण्याची त्यांची एक पद्धत होती, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं. ते कॅलेंडरकडे बघत राहिले. मी फाइलकडे.

पंधरा दिवसांत एजन्सी आली. गळ्यात ओळखपत्रं घातलेली दोन माणसं येऊन बसली. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे बबनशेठच्या नमुन्यावरचा नंबर उतरवून त्याच जातीच्या आठ डिस्क मागवल्या. त्या बसल्या आणि दिसल्या. साहेबांनी मेलवर सगळ्यांसमोर एजन्सीचं अभिनंदन केलं. दुसरं काम म्हणजे तक्रारीसाठी तिकीट काढायची पद्धत आणली. मेल अडकली की तिकीट काढायचं, दोन दिवस थांबायचं, मग उत्तर यायचं, 'नो इश्यू फ्रॉम अवर एंड.' वीस वर्षं बबनशेठ हेच सांगत होते, तेही फुकट, मराठीत आणि पाच मिनिटांत.

बबनशेठना परत मेंटेनन्समध्ये पाठवलं. दारावरचं रेडियम एजन्सीवाल्यांनी पट्टीने खरवडलं, पण ते नीट निघालं नाही. काही दिवस दारावर नुसतं 'चार्ज' राहिलं होतं. बबनशेठ पॅनल रूममध्ये बसत, कँटीनला सगळ्यांच्या आधी येऊन जेवून जात. मी नकला बंद केल्या. कोणी फर्माईश केली तर आता कंटाळा आला म्हणून सांगे. चार महिन्यांनी ते मुदतीआधीच निवृत्ती घेऊन गेले. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी त्या दिवशी सुट्टी घेतली होती.

माझं पत्र त्याआधीच, ठरल्याप्रमाणे आलं होतं. पत्र आल्यावर मी प्रामाणिक व्हायचं ठरवलं, आणि ठरवून ते करायला पुढचे सात महिने घेतले. शेवटी एक दिवस प्लांट हेड साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन फॉर्मचं सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग मला बसायलाही न सांगता म्हणाले की मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका, एजन्सीचं त्या डिस्क यायच्या दोन महिने आधीच ठरलेलं होतं. कारण लागतं काहीतरी, ते आयतं मिळालं. मी केबिनबाहेर आले तेव्हा मला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याची लाजही वाटत होती.

पुढच्याच महिन्यात मी आईला घेऊन चऱ्होलीला एक फ्लॅट बघायला गेले. इमारत अर्धी झालेली होती. आमच्या मजल्यावर रंगाच्या रिकाम्या डब्यावर बबनशेठ बसले होते. वायरिंगचं काम त्यांनी घेतलं होतं. अंगावर मळकी बनियन होती, तब्येत सुधारली होती. मला बघून उठले, "या ताई" म्हणाले, आईला पाणी दिलं. आई बाल्कनी बघायला गेली तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं. तुम्ही दिलेला नंबर मी बदलला होता. चूक माझी होती.

"ठाव हाय," ते म्हणाले. "तुमच्या फॉर्मची कॉपी माझ्याकडंच व्हती. पहिल्याच दिशी दोन्ही नंबर लावून बघितले."

मग तीन दिवस ते सगळं कशाला केलंत, असं मी विचारलं.

"चालली तर चालली म्हनून. कायतरी करून दिसली असती, तर कुनालाच काय सांगाया लागलं नसतं."

मी घाईघाईने साहेबांचं सांगितलं, की एजन्सी आधीच ठरली होती, ते तुमच्यामुळे झालंच नाही. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. ते मान हलवत होते. एजन्सीची माणसं डिस्क यायच्या आधीच मापं घ्यायला येऊन गेली होती, म्हणाले. त्या माणसांना सगळं पॅनल उघडून दाखवलं ते बबनशेठनीच, चहाही त्यांनीच पाजला. "मी तर जानारच व्हतो, ताई. तुमचं पत्र यायचं व्हतं."

खालच्या मजल्यावर कोणीतरी टाइल कापत होतं. ते थांबलं.

"साहेबांना कवा सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"मागच्या महिन्यात."

"म्हंजे पत्र आल्यावर."

"हो."

असू द्या ताई, असं ते म्हणतील याची मी वाट बघत होते. म्हणण्यासारखा माणूस होता तो. त्यांनी डब्यावरची पक्कड उचलली, भिंतीतून बाहेर आलेल्या वायरी एकेक करून सरळ केल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई उशीर केला तुमी." आवाजात राग नव्हता. मग ते आतल्या खोलीत कामाला लागले.

आईला तो फ्लॅट फार आवडला होता. हवेशीर होता, बसस्टॉप जवळ होता, आणि वायरिंग तर बघायलाच नको, असं ती घरी येऊन सगळ्यांना सांगत होती. मी तो घेतला नाही. किचन लहान आहे, असं घरी सांगितलं.